नाव एकच : शिवाजी




आज एकच नाव. शिवाजी.

१६३० साली शिवनेरीवर शिवाजी महाराजांचं बारसं झालं.
गडावरच्या शिवाई देवीवरून नाव ठेवलं, असं सांगतात.
पुढे त्यांचे वडील शहाजीराजे यांना बंगळूरची जहागीर मिळाली.

तंजावरचे शेवटचे मराठी राजे?
त्यांचंही नाव शिवाजी.

तमिळ नट गणेशन नाटकात शिवाजी झाले.
समाजसुधारक पेरियारांनी तेच नाव त्यांना कायमचं दिलं.

आणि आपल्या बंगळूरचे शिवाजीराव गायकवाड!
जन्म १९५०चा. घर मराठी.
सिटी बसमध्ये कंडक्टर होते.
तिकिटं फाडायची, शिट्टी वाजवायची...
पडद्यावर त्यांचे रजनीकांत झाले.
नाव बदललं खरं.
पण २००७ साली त्यांचा एक गाजलेला चित्रपट आला.
त्याचं नाव?
ओळखलंत. शिवाजी!