उष्णतेची वाट कुठे अडली?

(सिन्नर येथील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



आजच्या सभेत मला दोन तट दिसताहेत. मागच्या रांगांतली मुलं विषयासाठी आली आहेत आणि पुढच्या रांगांतले पालक दुरुस्तीच्या बिलाच्या धास्तीने. तक्रार मात्र दोघांची एकच. गेम सुरू केला की लॅपटॉप तापतो, पंखा घोंघावायला लागतो, थोड्या वेळाने खेळ अडखळतो, आणि एखादे दिवशी ऐन रंगात आलेला असताना मशीन बंदच पडतं. मग कुणी कूलिंग पॅड आणतं, कुणी विंडोज नव्याने टाकून घेतं, कुणी रॅम वाढवतं. रॅम वाढवून लॅपटॉप थंड झाल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

तापणं हा बिघाड नाही, हे आधी मान्य करू. गेमिंग लॅपटॉप खेळताना साधारण १०० ते १५० वॅट वीज घेतो आणि त्यातली जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते. बिघाड असतो तो ही उष्णता बाहेर जाण्याच्या वाटेवर. ती कुठे अडली हे शोधायला पैसे लागत नाहीत. हात, घड्याळ आणि एक फुकट सॉफ्टवेअर पुरतं.

मुसळगावच्या किंवा माळेगावच्या औद्योगिक वसाहतीत काम करणारे इथे बरेच असतील. मोटरची नेमप्लेट तुम्ही रोज पाहता. तिच्यावर इन्सुलेशनचा क्लास असतो आणि भोवतालच्या हवेचं तापमान लिहिलेलं असतं, बहुधा ४० अंश. क्लास एफ म्हणजे १५५ अंशांपर्यंत सोसणारं इन्सुलेशन. पण मोटर किती तापली हे मोजताना आपण आधी शेडमधली हवा किती तापली आहे ते बघतो, कारण मोटरच्या तापमानातली वाढ त्या हवेच्या वर चढते. लॅपटॉपचं गणित तंतोतंत हेच आहे. जानेवारीत २५ अंशांच्या खोलीत ज्याची चिप ८५ अंशांवर खेळत होती, तोच लॅपटॉप, तोच गेम, एप्रिलच्या दुपारी ४० अंशांच्या पत्र्याच्या खोलीत १०० च्या आसपास जाणार. मुलगा म्हणतो, लॅपटॉप बिघडला. लॅपटॉप आहे तसाच आहे. खोली पंधरा अंशांनी चढली.

आणि १०० म्हणजे काय? बऱ्याच इंटेल लॅपटॉप चिपची मर्यादा १०० अंश असते, एएमडीच्या बऱ्याच चिपची ९५ किंवा १००. तिथे पोचली की चिप स्वतःच वेग उतरवते. याला थ्रॉटलिंग म्हणतात, आणि खेळ अडखळतो तो बहुतेक वेळा यामुळेच. म्हणजे अडखळणं ही चिपची स्वसंरक्षणाची सोय आहे. ८५-९० बघून घाबरू नका. पाणी शंभराला उकळतं म्हणून सिलिकॉनही उकळेल, असं काही नसतं.

आता उष्णतेची ही वाट कशी आहे ते पाहू. चिप नखाएवढी. तिच्यावर थर्मल पेस्टचा पातळ थर, त्यावर तांब्याची पट्टी, पट्टीला जोडलेल्या चपट्या तांब्याच्या नळ्या. या नळ्यांना हीट पाईप म्हणतात आणि त्या पोकळ असतात. आत थोडंसं पाणी असतं, हवा काढून घेतलेली, त्यामुळे ते शंभराच्या बरंच खाली उकळतं. चिपजवळच्या टोकाला वाफ होते, ती थंड टोकाकडे धावते, तिथे तिचं परत पाणी होतं आणि ते नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून ओढलं जाऊन मागे येतं. पंप नाही, फिरणारा भाग नाही. अमेरिकेतल्या लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ मध्ये ही युक्ती चालवून दाखवली आणि पुढे ती अवकाशयानांतही गेली. आज ती तुमच्या मांडीवर आहे. थंड टोकाला पातळ पात्यांची जाळी, तिच्यातून पंखा हवा ढकलतो, आणि हवा खोलीत येते. खोली ही त्या वाटेवरची शेवटची पायरी, आणि तिचाच विचार सगळ्यात कमी होतो.

निदानाला सुरुवात इथून करा. एचडब्ल्यूइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर लावा आणि गेम सुरू करून तापमानाच्या आकड्याकडे आणि घड्याळाकडे एकदम बघा. काही सेकंदांत आकडा ९५ च्या वर उडी मारत असेल, तर उष्णता चिपच्या दाराशीच अडली: पेस्ट वाळली आहे किंवा पट्टी नीट बसलेली नाही. दहा-पंधरा मिनिटं हळूहळू चढत असेल, तर पेस्ट बहुधा ठीक आहे. अडचण पात्यांत, पंख्यात किंवा खोलीत आहे. मग बाजूच्या जाळीसमोर हात धरा. हवा जोरात आणि चांगली गरम येत असेल तर यंत्रणा तिचं काम चोख करते आहे, तिला शिव्या देऊ नका. गरम पण मंद असेल तर पाती चोंदली आहेत. आणि आत ९७ दिसत असताना हवा जोरात पण कोमटच लागली, तर उष्णता पात्यांपर्यंत पोचतच नाही. पुन्हा पेस्ट, नाहीतर निकामी झालेली नळी. गेम न लावताही मशीन तापत असेल, तर टास्क मॅनेजर उघडून बघा, कुठला तरी प्रोग्रॅम मागे गुपचूप राबतो आहे. या चार गोष्टी समजल्या की दुकानदाराशी बोलणं सोपं होतं.

धुळीचं सिन्नरला वेगळं सांगायला नको. नाशिक-पुणे रस्त्यावरच्या ट्रकची धूळ, कारखान्यांची धूळ, आणि ज्या घरात विड्या वळल्या जातात तिथे तंबाखूची बारीक पूड. पंखा हे सगळं ओढतो आणि पात्यांच्या आतल्या तोंडाशी त्याचा नमद्यासारखा थर जमतो. बाहेरून जाळी स्वच्छ दिसते, म्हणून लोक फसतात. मागचं झाकण उघडून मऊ ब्रशने तो थर काढला की दहा-बारा अंशांचा फरक पडलेला मी अनेकदा पाहिला आहे. आधी लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, आणि जमत असेल तर बॅटरीचा जोडही सोडवा. पंख्याचं पातं बोटाने किंवा काडीने धरून ठेवा. वाऱ्याच्या झोताने तो गरागरा फिरला की बेअरिंगचं वाटोळं होतं. आणि कंपनीतल्या मित्रांना हात जोडून विनंती: लॅपटॉप शॉपफ्लोअरच्या कॉम्प्रेसरला लावू नका. सहा-सात बारची ती हवा सोबत पाणी आणि तेलही आणते. घरचा व्हॅक्यूम क्लीनरही नको, त्याच्या नळीवर स्थिर विद्युत साचते.

पेस्ट बदलणं हे हात बसलेल्या माणसाचं काम. काही महागड्या लॅपटॉपमध्ये पेस्टऐवजी द्रवरूप धातू असतो. तो वीजवाहक असतो, थेंब सांडला तर बोर्डच जातो. तिथे स्वतः हात घालू नये.

न उघडता जे करता येतं त्यात सर्वांत फायद्याचं काम सेटिंगमध्ये आहे. ते मुलांना आवडत नाही, कारण त्यात आकडे खाली आणायचे असतात. तुमचा पडदा ६० हर्ट्झचा असेल, तर सेकंदाला ६० चित्रांपलीकडे तो दाखवू शकत नाही. गेम मात्र १४० चित्रं तयार करत असतो. वरची ८० चित्रं पुरती कधी दिसतच नाहीत. त्यांची उष्णता तेवढी होते. गेममध्ये एफपीएसची, म्हणजे सेकंदाला किती चित्रं याची, मर्यादा ६० ला बांधा. दुसरं, विंडोजच्या पॉवर पर्यायांत प्रोसेसरची कमाल पातळी १०० ऐवजी ९९ करा. एका टक्क्याने काय होणार, असं वाटेल. पण बऱ्याच मशीनवर त्याने टर्बो बंद होतो. टर्बोत चिप जास्त वेगासाठी जास्त व्होल्टेज घेते, आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. व्होल्टेज आणि वेग दोन्ही दहा टक्क्यांनी उतरवले की चिपची चालती वीज सुमारे २७ टक्क्यांनी कमी होते. एवढी स्वस्त थंडाई दुसरीकडे मिळणार नाही. काही नव्या लॅपटॉपवर हा पर्याय लपवलेला असतो. तिथे कंपनीच्याच सॉफ्टवेअरमधला मधला मोड निवडा. फक्त व्होल्टेज उतरवायची सोय मात्र अनेक इंटेल लॅपटॉपवर बंद झाली आहे, कारण त्या वाटेने चिपमधली गुपितं फोडता येतात हे २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट या हल्ल्याने दाखवलं.

उष्णतेशी चालणाऱ्या या भांडणात मोठमोठेही हरले आहेत. मे २००४ मध्ये इंटेलने तेजस नावाची येऊ घातलेली चिप रद्द केली आणि एका वेगवान गाभ्याऐवजी (कोरऐवजी) अनेक गाभ्यांचा रस्ता धरला. उष्णता आवरेना, हे त्यामागचं मोठं कारण. आपल्या पुण्यात आयसर संस्थेतला ‘परम ब्रह्म’ हा महासंगणक नुसत्या पंख्यांवर सोडलेला नाही, त्याच्या चिपना लागून द्रव फिरवतात. तुमच्या लॅपटॉपला ती चैन नाही. त्याला जे मिळतं ते खालच्या जाळीतून येणारी हवा, आणि ती आपण लॅपटॉप गादीवर ठेवून बंद करतो. मागची कड दोन-तीन सेंटिमीटर उचलली, अगदी दोन जुन्या वह्यांवर टेकवली, तरी स्वस्त कूलिंग पॅडचं बरंचसं काम होतं. डेझर्ट कूलरचा ओला झोत थेट मशीनवर घेऊ नका. बर्फाची पिशवी खाली ठेवण्याचा प्रकार तर मुळीच नको; आत दव धरतं.

आणि दुपारी दोन ते पाच पत्र्याखाली खेळू नका. रात्री दहाला खोली दहा अंशांनी उतरली की चिपही जवळजवळ तेवढीच उतरते. पालकांना हे ऐकून बरं वाटणार नाही, अभ्यासाची वेळ तीच म्हणाल, पण उष्णतेचा हिशेब असा आहे.

शेवटी बॅटरीबद्दल, कारण इथे मात्र थांबून चालत नाही. चिप शंभर सोसते, लिथियमची बॅटरी चाळिशीच्या पुढेच वेगाने झिजायला लागते, आणि ती असते चिपच्या शेजारी. चार्जर लावूनच खेळत असाल तर चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय चालू करा. टचपॅड वर आलेलं वाटलं, झाकण नीट मिटेना, टेबलावर ठेवल्यावर लॅपटॉप डुलायला लागला, तर बॅटरी फुगली आहे असं समजा. चार्जर काढा, मशीन बंद करा, ती दाबून बसवायचा किंवा टाचणीने हवा काढायचा उद्योग करू नका, आणि त्याच दिवशी दुरुस्तीला न्या.