बिनआरशाचा कॅमेरा



मला व्यासपीठावर बोलावतात ते बहुधा संप, वेतन नाही तर कामगारांचे कायदे ह्या विषयांवर. यंदा मीच चालकांना म्हटले की मला कॅमेऱ्यावर बोलू द्या. ते हसले. "तुमचा आणि कॅमेऱ्याचा संबंध काय?" असे एकाने विचारलेही. तो संबंध आधी सांगतो, कारण पुढे जे बोलणार आहे ते पुस्तकातून कमी आणि माझ्या एका फजितीतून अधिक आलेले आहे.

काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात रात्रपाळीला एका तरुण कामगाराची बोटे प्रेसखाली सापडली. हात आत जाऊ नये म्हणून यंत्रापुढे जे गार्ड असावे लागते ते त्या यंत्राला नव्हते. बोल्टांची रिकामी भोके तेवढी दिसत होती. मला आत जायला दहा मिनिटे मिळाली. गळ्यात नवा कोरा कॅमेरा होता, पतपेढीचे कर्ज काढून घेतलेला. मी तीस-चाळीस फोटो काढले. घरी येऊन मोठे करून पाहतो तो सगळे हललेले! भोके कुठली आणि तेलाचे डाग कुठले, हे माझे मलाच सांगता येईना. दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्रावर गार्ड बसलेले होते. पुढे नुकसानभरपाईचा दावा आम्हाला तोंडी साक्षींवर लढवावा लागला. आणि अजून त्याच कारखान्यात नोकरीला असलेला साक्षीदार किती बोलू शकतो, हे येथे बसलेल्या कामगारांना मी सांगायला नको.

त्या रात्री चूक कोठे झाली, हे समजून घ्यायला मला वर्ष लागले. आपल्याला ते दहा मिनिटांत सांगता येईल.

जुन्या चांगल्या कॅमेऱ्यात लेन्सच्या मागे एक तिरपा आरसा असे. लेन्समधून आलेला उजेड तो वर फेकी आणि आपल्या डोळ्यापर्यंत पोचवी. बटण दाबले की आरसा खाडकन वर उचलला जाई आणि मग उजेड मागे फिल्मवर, पुढच्या काळात सेन्सरवर पडे. बिनआरशाच्या कॅमेऱ्यात, ज्याला बाजारात मिररलेस म्हणतात, हा मधला दलाल काढून टाकलेला आहे. उजेड सरळ सेन्सरवर पडतो आणि तेच चित्र डोळ्याजवळच्या बारीक पडद्यावर दिसते. लेन्स बदलता येणारा असा पहिला कॅमेरा ज्या जातीचा, त्या जातीची सुरुवात पॅनासोनिकने २००८ साली केली. २०१३ मध्ये सोनीने मोठ्या सेन्सरचा कॅमेरा आणला आणि २०१८ मध्ये निकॉन आणि कॅनन हे दोघे जुने सावकारही मोठ्या सेन्सरसह ह्या वाटेला लागले.

ह्यात सामान्य माणसाचा मोठा फायदा असा की, फोटो काळा येणार की पांढराफटक, हे बटण दाबण्यापूर्वीच दिसते. पण माझा घात ह्याच फायद्याने केला. पडद्यावर यंत्र लख्ख दिसत होते, म्हणून मी निर्धास्त होतो. उजेड किती येणार हे पडदा सांगतो. हात हलणार हे तो सांगत नाही.

हिशेब पाहा. माझ्या कॅमेऱ्याबरोबर आलेली लेन्स १६ ते ५० मिलिमीटरची होती. ५० ला ओढली की तिचे छिद्र जास्तीत जास्त एफ ५.६ इतकेच उघडे. हा आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे, हे उलटे गणित एकदा मनात पक्के करा. त्या अंधाऱ्या कोपऱ्यात कॅमेऱ्याने शटर एक अष्टमांश सेकंद उघडे ठेवले. इतका वेळ हात स्थिर राहत नाही. तीच ५० मिलिमीटरची पण एफ १.८ ची लेन्स असती, तर जवळजवळ दहापट उजेड आत आला असता आणि शटर एक ऐंशांश सेकंदात मिटले असते. शिवाय फोटोत दाणे दिसतात म्हणून कोणीतरी सांगितल्यावरून मी आयएसओ ८०० वर बांधून ठेवला होता. तो ३२०० केला असता तर आणखी चौपट सवड मिळाली असती. दाणेदार फोटोत बोल्टाचे भोक भोकच दिसते. हललेल्या फोटोत ते दिसत नाही. काही कॅमेऱ्यांत हाताचा कंप सावरणारी योजना असते आणि ती उपयोगीही आहे. पण ती तुमचा हात सावरते, समोर धावणारे पोर सावरत नाही.

म्हणून माझे मत असे की पैसा लेन्समध्ये घालावा, कॅमेऱ्यात नव्हे. कॅमेरा दोन पिढ्या जुना, वापरलेला घेतला तरी चालतो. दुकानदार ह्याच्या अगदी उलट सांगेल.

आता लेन्स कोणती? आपली घरे केवढी आहेत, हा प्रश्न ह्यात पहिला येतो. दहा बाय दहाच्या खोलीत भिंतीला पाठ लावून उभे राहा. साधारण किमतीच्या कॅमेऱ्यात जो मधल्या आकाराचा, सुमारे साडेतेवीस मिलिमीटर रुंदीचा सेन्सर असतो, त्यावर ५० ची लेन्स लावली तर समोरच्या भिंतीचा पाच फूटही भाग दिसत नाही. आजी आली तर आजोबा बाहेर राहतात. ३५ च्या लेन्सने साडेसहा फूट येतात आणि २४ च्या लेन्सने जवळजवळ सगळी भिंत येते. चाळीत, वाड्यात, कंपनीच्या वसाहतीत राहणाऱ्याने घरासाठी २३ ते २८ मधली, एफ २ च्या आसपासची एक लेन्स घ्यावी. ५० ची लेन्स स्वस्त असते म्हणून सगळे आधी तीच घेतात. ती चेहऱ्यासाठी, अंगणासाठी, गेटवरच्या सभेतल्या वक्त्यासाठी उत्तम आहे, पण घरातल्या बारशाला ती उपयोगाची नाही.

लेन्सची सोयरीक एका घराण्याशी जुळते, हेही ध्यानात असू द्या. कॅननची लेन्स सोनीला बसत नाही. मात्र आरसा गेल्यामुळे एक मौज झाली आहे. निकॉनच्या जुन्या कॅमेऱ्यात लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंत ४६.५ मिलिमीटर अंतर असे, नव्यात ते १६ आहे. मधल्या जागेत अडॅप्टरची कडी बसवून जुन्या लेन्स वापरता येतात, आणि त्या आज स्वस्तात मिळतात. काही जुन्या लेन्सचे फोकस मात्र हातानेच फिरवावे लागते. घेण्यापूर्वी विचारून घ्या. टॉर्च लावून आतून पाहा; कोळ्याच्या जाळ्यासारखे काही दिसले तर ती बुरशी समजावी आणि दुकानातून उठावे.

उजेडाचा सराव करायचा तर शंभरेक किलोमीटरवर अजिंठा आहे. लेण्यांत फ्लॅशला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. रॉबर्ट गिल हा लष्करी अधिकारी १८४४ साली तेथील चित्रांच्या नकला करण्यासाठी नेमला गेला. त्याने वर्षानुवर्षे रंगवलेल्या बहुतेक नकला १८६६ साली लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. तोवर त्याने कॅमेराही हाती घेतला होता आणि त्याच्या छायाचित्रांची पुस्तके १८६४ मध्ये निघाली होती. तो आज भुसावळच्या मातीत आहे. त्या माणसाला जो उजेड अपुरा पडला असेल, त्यात आज कामगाराचा मुलगा एफ १.८ ची लेन्स घेऊन, श्वास रोखून, बऱ्यापैकी फोटो काढू शकतो.

जपणुकीचे थोडे. आरसा नसल्याने लेन्स काढली की सेन्सर उघडा पडतो. आपल्या तलावाच्या बांधावर उन्हाळ्याचे वारे सुटलेले असताना लेन्स बदलू नका; बदलायचीच तर कॅमेऱ्याचे तोंड खाली धरा. मिरवणुकीतला लेसरचा झोत थेट लेन्समध्ये येऊ देऊ नका, सेन्सर जळतो. (डोळाही जळतो, पण त्याविषयी बोलणारा मी कोण!) पडदा सतत चालू असल्याने बॅटरी लवकर संपते, मोर्च्याच्या दिवशी खिशात दुसरी हवीच. आणि शेजारच्या कारागृहाच्या भिंतीकडे कॅमेरा रोखू नका, नाहीतर आमच्या संघटनेच्या वकिलाला त्रास होतो.

कोणी विचारील, मोबाईल असताना हा खटाटोप का? दिवसाउजेडी मोबाईल पुरेसा आहे. तेवढ्यावर तुमचे भागत असेल तर कर्ज काढू नका. मुलाला लग्नाचे फोटो काढून पोट भरायचे आहे म्हणून भविष्यनिर्वाह निधीतून पैसे उचलणारे बाप मी पाहिले आहेत. त्यांना मी सांगतो, पोराला आधी एक लग्नसराई दुसऱ्याच्या हाताखाली काढू द्या.

आता पुन्हा त्या प्रेसकडे. १९०८ पासून लुईस हाइन नावाच्या एका अमेरिकन शिक्षकाने गिरण्यांत आणि खाणींत राबणाऱ्या मुलांचे फोटो काढले. मालक आत घेत नसत, म्हणून तो निरनिराळी सोंगे घेऊन शिरे. मुलाची उंची तो आपल्या कोटाच्या गुंड्यांवरून मोजी आणि नाव, वय, काम हे खिशातल्या वहीत टिपून ठेवी. फोटोइतकेच त्या वहीचे महत्त्व होते. आपणही फोटोबरोबर तारीख, जागा, यंत्राचा क्रमांक लिहून ठेवा. मूळ फाईल जशीच्या तशी राखा. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरलेली प्रत दबलेली असते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्याबरोबर प्रमाणपत्र द्यावे लागते, तेव्हा कॅमेरा कोणाचा, फोटो कोणी काढला, हे पहिल्यापासून स्पष्ट असू द्या.

एक सावधगिरीही सांगतो. बिनआरशाचे बरेचसे कॅमेरे मुळीच आवाज न करता फोटो काढतात. मोह होतो. परंतु गेटसभेत मागे उभ्या असलेल्या हंगामी कामगाराचा चेहरा तुमच्या फोटोत आला, तर त्याचा करार पुढे वाढेलच असे नाही. मी असे दोन फोटो पुसून टाकले आहेत. त्यांतला एक माझ्या हातून निघालेला सर्वांत चांगला फोटो होता.

कॅमेरा मी ह्या टेबलावर ठेवला आहे. त्यावर २४ ची लेन्स आहे, छिद्र पूर्ण उघडे आहे. मांडवातले अर्धे दिवे मालवायला मी सांगितले आहे. ज्यांना हवे त्यांनी पुढे यावे आणि आपल्या शेजाऱ्याचा एक फोटो काढून पाहावा. मात्र शेजाऱ्याला विचारून.