अढळपद

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेले भाषण)



मी कलाशाखेचा पदवीधर. शास्त्राच्या प्रांतात आगंतुकच. तरी पृथ्वीच्या अक्षाविषयी चार शब्द बोलण्याचे धाडस करतो.

विवाहसमयी आपण वधूला ध्रुव दाखवितो, तो अढळपणाचे प्रतीक म्हणून. पृथ्वीवरील ध्रुव मात्र अढळ नाहीत. ऑयलर या गणितज्ञाने १७६५ साली दाखविले की, पृथ्वी सर्वस्वी ताठ गोळा असेल, तर डोलणारा अक्ष तिच्या शरीरात ३०५ दिवसांत एक फेरा घालील. खगोलज्ञांनी तो फेरा पुष्कळ शोधला; सापडला नाही. अखेर १८९१ मध्ये सेथ चॅन्डलर या विमागणितावर चरितार्थ चालविलेल्या अमेरिकी गृहस्थांनी खरा काळ काढला : सुमारे चौदा महिने. फरकाचे कारण एवढेच की, पृथ्वी तितकी ताठ नाही, ती लवते.

तिच्या कवचाखालचे प्रावरण घन असूनही वर्षाला काही सेंटिमीटर अशा संथ गतीने वाहते. आतील द्रव्य सरकले की तोल बदलतो, आणि फिरणारा गोळा अधिकचा भार विषुववृत्ताकडे नेऊ पाहतो. त्यामुळे, त्या डोलण्याखेरीज, विसाव्या शतकात ध्रुव दरवर्षी सुमारे १० सेंटिमीटर सरकला. नासाच्या शास्त्रज्ञांनी २०१८ साली त्याची तीन कारणे सांगितली : हिमयुगातील बर्फाचे ओझे उतरल्यावर भूमीचे वर येणे, ग्रीनलंडचे बर्फ वितळणे आणि प्रावरणातील अभिसरण. या सरकण्यात अक्ष आकाशातील आपली दिशा सोडीत नाही. त्याच्याभोवती पृथ्वीचे शरीरच सरकते.

दहा सेंटिमीटर कोणाला जाणवणार? ते कळले, कारण १८९९ पासून एकाच अक्षांशावरील वेधशाळा, जपानमधील मिझुसावा त्यांतलीच एक, रात्रीमागून रात्र ताऱ्यांचे वेध घेत राहिल्या.

बदल्यांच्या नोकरीत माझी उभी हयात गेली. गेल्या दिवाळीत माझ्या नातीने आजीला पत्र लिहिले. अक्षर सुरेख, पण निम्मे शब्द मराठी नव्हते. रागवावे असे काहीच घडले नव्हते. वर्षाला थोडे थोडे सरकले होते, आणि आम्ही मोजले नव्हते. बंधुभगिनींनो, पन्नास वर्षे हे मंडळ आपली वेधशाळा झाले आहे. वेध घेणे थांबू नये, एवढीच प्रार्थना.