बियांपासून दुर्मीळ निवडुंग : माझी दीर्घ मुदतीची ठेव

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरीसाहेब मला म्हणाले, "काका, तुमच्या काटेरी मंडळींबद्दल पाच-सात मिनिटं बोला." गच्चीवरच्या माझ्या कुंड्यांवर वार्षिक सभेत दोनदा चर्चा झालेली आहे. तेव्हा सुरुवातीलाच सांगतो, आता सगळ्या कुंड्या माझ्या बाल्कनीत आहेत. वॉटरप्रूफिंगच्या खर्चाशी माझा संबंध नाही!

आधी थोडी ओळख. आपण ज्याला त्रिधारी निवडुंग म्हणतो किंवा कुंपणाला जो शेर लावतो, तो खरा कॅक्टस नव्हे. मोडला की त्यातून पांढरा चीक येतो. खऱ्या कॅक्टसच्या अंगावर बारीक कापसाळ गाद्या असतात आणि काटे त्या गादीतून फुटतात. या कुळाचं माहेर म्हणजे उत्तर आणि दक्षिण अमेरिका.

आता एक कबुली देतो. घरच्यांखेरीज हे कोणाला माहीत नाही. 2011 साली मी बँकेतून निवृत्त झालो. दोन वर्षांनी एका विक्रेत्याकडून एरिओकार्पस नावाचा निवडुंग घेतला. हा मेक्सिको आणि टेक्सासच्या कोरड्या प्रदेशातला. दिसायला अगदी दगडासारखा, जमिनीत अर्धा रुतलेला. विक्रेता कौतुकाने म्हणाला, "साहेब, जंगलातला अस्सल माल आहे, पन्नास वर्षांचा तरी असेल." मी खूश होऊन पैसे मोजले. किती, ते आमच्या हिला अजून सांगितलेलं नाही.

पहिल्याच पावसाळ्यात तो मुळापासून कुजला. कुंडीतून काढला तेव्हा दिसलं, त्याचं सोटमूळ कुदळीने तोडलेलं होतं. म्हणजे कुणीतरी तो डोंगरातून खणून काढला होता. मग मी वाचायला लागलो. 'साइट्स' नावाचा आंतरराष्ट्रीय करार 1973 साली झाला, आपला देशही त्यात आहे. एरिओकार्पसच्या सगळ्या जाती त्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. जंगलातून उपटलेलं रोप व्यापारासाठी दुसऱ्या देशात न्यायला त्यात बंदी आहे. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीनुसार निवडुंगाच्या सुमारे 31 टक्के जाती धोक्यात आहेत, आणि त्याचं एक मोठं कारण म्हणजे माझ्यासारखे हौशी लोक.

मंडळी, तीस वर्षं मी कर्जदाराकडे सात-बारा मागितला, जामीनदार मागितला, एक सही कमी असली तर फाईल परत पाठवली. आणि इथे एक कागद मागायचं मला सुचलं नाही! त्या दिवशी ठरवलं, यापुढे मोठं रोप विकत घ्यायचं नाही. घरी बीपासून वाढवायचं. बिया आपल्याच देशातल्या, स्वतः रोपं वाढवणाऱ्या हौशी माणसाकडून घ्यायच्या.

पद्धत सोपी आहे, लिहून घ्या. मिठाईचा पारदर्शक झाकणाचा डबा घ्यायचा, तळाला भोकं पाडायची. जाडसर वाळू आणि विटांचा चाळलेला चुरा मिळून तीन भाग, कोकोपीट एक भाग. हे मिश्रण ओलं करून कुकरमध्ये अर्धा तास वाफवायचं, म्हणजे बुरशी मरते. (त्यासाठी जुना कुकर वेगळा ठेवा, नाहीतर माझ्यासारखं ऐकून घ्यावं लागेल.) गार झालं की बी वर नुसती ठेवायची, पुरायची नाही. डबा पिशवीत बंद करून भरपूर उजेडात, पण थेट ऊन लागणार नाही असा ठेवायचा. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्च किंवा पाऊस संपल्यावरचा काळ चांगला.

नवख्याने अॅस्ट्रोफायटम अॅस्टेरियासपासून सुरुवात करावी. याला काटे नाहीत, अंगावर पांढरे ठिपके आणि साधारण आठ फाका. ताजी बी तीन-चार दिवसांत उगवते. उगवलेलं रोप मोहरीच्या दाण्याएवढं, हिरवं मणीच जणू! एरिओकार्पसला आठ-पंधरा दिवस लागतात. दोन-तीन महिने डबा बंद, मग झाकण रोज थोडं थोडं उघडायचं. निवडुंगाला पाणी नको असं आपण ऐकलेलं असतं, पण पहिल्या वर्षी माती पूर्ण सुकू द्यायची नाही. पाणी खालून, ताटलीत ओतून द्यायचं.

2014 च्या मार्चमध्ये मी वीस बिया पेरल्या. सतरा उगवल्या. घाईने झाकण काढलं आणि आठवड्यात नऊ गेल्या. आठ जगल्या. 2018 साली पहिलं फूल आलं, पिवळं, मध्ये लाल. पण फळ धरेना. नंतर कळलं, याला स्वतःचे पराग चालत नाहीत, शेजारच्या वेगळ्या रोपाचे लागतात. दोन रोपं एका वेळी फुलली तेव्हा नातवाच्या रंगपेटीतल्या ब्रशने पराग नेले. फळ धरलं, बिया आल्या. जॉइंट अकाउंटशिवाय व्याज नाही, असा हा प्रकार!

एरिओकार्पस मात्र खरी दीर्घ मुदतीची ठेव. 2015 साली पेरलेल्यांपैकी तीन उरले आहेत. दहा वर्षांत लिंबाएवढे झाले. फूल अजून नाही. माझं वय चौऱ्याहत्तर. लोक विचारतात, "काका, या वयात हे कशाला?" मी म्हणतो, मुदत पूर्ण व्हायला ठेवीदार हजर लागतोच असं नाही, नॉमिनेशन केलेलं असलं की झालं.

म्हणून आज नॉमिनी शोधायला उभा आहे. अॅस्ट्रोफायटमची माझ्या घरच्या बियांची पंचवीस रोपं तयार आहेत, सोसायटीच्या प्रत्येक वर्षासाठी एक. ज्या मुलामुलींना हवी, त्यांनी रविवारी सकाळी यावं. पैसे नकोत, दोन अटी आहेत. नाव आणि तारीख लिहिलेली पट्टी कुंडीतून काढायची नाही. आणि पुढे कधी कुणी तुम्हाला "जंगलातला अस्सल माल" विकायला आलं, तर मी विचारला नाही तो प्रश्न तुम्ही विचारायचा : हा आला कुठून?

त्या तीन एरिओकार्पसना फूल आलं की, मी असेन-नसेन, जो सांभाळेल त्याने नोटीस बोर्डावर चार ओळी लावाव्यात. सेक्रेटरीसाहेब, त्याला तेवढी परवानगी द्या.