घुमटाखालचा नाच

दुबई मेट्रोची एक शाखा थेट एक्स्पो या जागतिक प्रदर्शनाच्या मैदानावर जाते. तिथला अल वस्ल घुमट ६७.५ मीटर उंच आणि १३० मीटर रुंद.

३० सप्टेंबर २०२१ रोजी एक्स्पो २०२०चं उद्घाटन इथेच झालं. नर्तक खाली, चित्रं डोक्यावर! २५२ लेझर प्रोजेक्टर घुमटाच्या पडद्यांवर मिळून एकच अखंड चित्र उभं करतात. ते आतून दिसतं, तसंच बाहेरूनही.

अशा प्रयोगांत खरी कसोटी तालाची. आधी तयार केलेलं चित्र नर्तकासाठी थांबत नाही. सम हुकली, की पडद्यावरची लाट पुढे निघून जाते आणि नर्तकाचा उचललेला हात मागे राहतो. म्हणूनच प्रोजेक्टर चालवणारा तंत्रज्ञ पहिल्या तालमीपासूनच नृत्यदिग्दर्शकाच्या शेजारी बसायला हवा.