विवरणपत्राचा योग्य नमुना

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आयकर हा काही रसाळ विषय नव्हे, आणि आम्ही त्या शास्त्राचे पंडितही नव्हे. आयुष्यभर मुलांना अंकगणित शिकविले, एवढाच आमचा अधिकार. परंतु जी चूक आमच्या हातून घडली ती आपणांपैकी कोणाच्या हातून घडू नये, म्हणून चिटणिसांच्या आग्रहास मान देऊन उभे आहोत.

निवृत्तीनंतर एका खाजगी शिकवणी वर्गात आम्ही काही काळ शिकवीत होतो. वर्गचालकांनी मानधनातून दहा टक्के कर कापून सरकारात भरला. आम्ही ते मानधन 'इतर उत्पन्नात' दाखविले आणि दरवर्षीच्या सवयीने 'सहज' हा नमुना 1 भरून मोकळे झालो. एक पैही लपविली नव्हती, बेरीज बिनचूक होती. तरीही विवरणपत्र सदोष असल्याची नोटीस आली! तो कर व्यावसायिक मोबदल्यावर कापलेला होता, आणि धंदा-व्यवसायाचे उत्पन्न मांडण्यास नमुना 1 मध्ये जागाच नाही. दुरुस्तीस पंधरा दिवसांची मुदत होती. ती टळती, तर विवरणपत्र भरलेच नाही असे धरले जाण्याची भीती होती. धावपळ करून नमुना 3 भरला, तेव्हा जिवात जीव आला.

तात्पर्य, उत्पन्न किती हे पाहावेच. परंतु ते कोणत्या प्रकारचे आहे हे आधी पाहावे. आकारणी वर्ष 2025-26 च्या नियमांप्रमाणे पगार वा निवृत्तिवेतन, एक घर आणि ठेवींचे व्याज एवढेच असून एकूण उत्पन्न 50 लाखांच्या आत असलेल्या रहिवासी व्यक्तीस नमुना 1 पुरतो. सूचिबद्ध समभागांवरील व तशा म्युच्युअल फंडांवरील दीर्घकालीन नफा सव्वा लाखापर्यंत असल्यास तोही त्यात बसतो. भूखंड विकला, दुसरे घर असले, कोणी कंपनीचा संचालक असला किंवा परदेशी नोकरीमुळे अनिवासी ठरला, तर नमुना 2 घ्यावा. दुकानदार वा व्यावसायिकास नमुना 3; मात्र अनुमानित पद्धतीने नफा दाखविणाऱ्या पात्र लहान व्यापाऱ्यास 'सुगम' हा नमुना 4 सोयीचा.

आपल्या ज्ञातीत अनेकांची गावी शेती आहे. शेतीचे उत्पन्न करमुक्त, मग ते कशाला दाखवावयाचे, असे पुष्कळजण म्हणतात. हा गैरसमज होय. ते 5,000 रुपयांहून अधिक असल्यास नमुना 1 चालत नाही; आणि इतर उत्पन्न करपात्र मर्यादेपलीकडे असल्यास कराचा दर ठरविताना तेही हिशेबात धरले जाते.

म्हणून नमुना निवडण्यापूर्वी आयकर खात्याच्या संकेतस्थळावरील 'वार्षिक माहिती विवरण' व 26 एएस हे दोन्ही उतारे काढून पाहावेत. कर कोणत्या कलमाखाली कापला, ते तेथे स्पष्ट दिसते. नियम व नमुने दरसाल बदलतात, तेव्हा गतवर्षीचा कित्ता डोळे मिटून गिरवू नये. विवरणपत्र भरल्यावर तीस दिवसांत त्याची पडताळणी करण्यासही विसरू नये.

मंडळातील हिशेबतज्ज्ञ तरुणांनी दरवर्षी जूनमध्ये एखादा रविवार वृद्ध व विधवा भगिनींच्या साहाय्यासाठी द्यावा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.