ज्ञातिपत्रिकेत कोणी लिहावे?
(वार्षिक संमेलनातील भाषण)



आपल्या ज्ञातिपत्रिकेत यापुढे केवळ वर्गणीदार सभासदांचेच लेखन घ्यावे व प्रत्येक लेखाखाली लेखकाचे नाव छापावे, असा ठराव आपणांपुढे आला आहे. ठराव मांडणाऱ्यांची अडचण खरी आहे. निनावी पत्रातून कोणा उपवर मुलीची निंदा यावी, निवडणुकीच्या उमेदवाराने लेखाच्या निमित्ताने स्वतःचीच आरती ओवाळून घ्यावी, हे कोणत्या संपादकास रुचेल? दाराशी कोणीतरी हवा, याविषयी दुमत नाही. त्याने काय विचारावयाचे, एवढाच प्रश्न आहे.

वर्गणीची पावती विचारली, तर आत कोण येईल? आपल्याकडे सभासदत्व बहुधा कुटुंबप्रमुखाच्या नावे असते. त्याची पत्नी, सून, शिकता मुलगा, माहेरी परतलेली विधवा बहीण ही सारी ह्या ठरावाने मुकी होतील. १९४९ साली सातारा जिल्हा विभागून दक्षिण सातारा वेगळा झाला, १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. पण कराडची लेक वाळव्यात आणि मिरजेची लेक कोरेगावात देणे काही थांबले नाही. ह्या लेकींचे नाव ना माहेरच्या यादीत, ना सासरच्या. आणि हुंड्याविषयी लिहिण्याचा अधिकार त्यांच्याहून अधिक कोणाचा?

शिवाय पैसा मोजला म्हणजे दार उघडतेच, असेही नाही. साताऱ्याच्या इंग्रजी शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी दाखल झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केले. त्याची जाहिरात पैसे देऊ करूनही ‘केसरी’ने छापली नाही. त्या पत्रावर संपादक म्हणून नाव होते पांडुरंग नंदराम भटकर यांचे. बाबासाहेब तेव्हा मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात सरकारी नोकरीत प्राध्यापक होते, त्यामुळे उघडपणे संपादक होणे त्यांना शक्य नव्हते. प्रारंभीचे अग्रलेख मात्र त्यांचेच. आपला नाव छापण्याचा नियम तेथे असता, तर ते अग्रलेख कसे निघाले असते? (केवळ स्वजातीचे हित पाहणाऱ्या पत्रांवर त्यांनी पहिल्याच अंकात टीका केली होती, हेही ज्ञातिसंघाने ध्यानी ठेवावयास हरकत नाही.)

म्हणून माझी उपसूचना अशी: लेखक सभासद असो वा नसो, त्याचे खरे नाव व पत्ता संपादकास ठाऊक असावा. नाव छापावे की नाही, हे लेखकाने सांगावे. मात्र कोणा व्यक्तीवर आरोप असेल, तर नावावाचून एक ओळही छापू नये. उमेदवारांकडून जाहिरातीचा दर घ्यावा. लेखन नाकारण्यापूर्वी ते दोघांनी वाचावे, त्यांत एक भगिनी असावी, आणि नकाराचे कारण लेखकास कळवावे.

ह्या उपसूचनेस समोर बसलेल्या भगिनींपैकी कोणी अनुमोदन द्यावे, अशी माझी इच्छा होती. परंतु अनुमोदनाचा अधिकारही सभासदासच आहे. तेव्हा एखाद्या सभासद बंधूने उभे राहावे, ही विनंती.